पाच रेघांची विहीर

कोपरगाव,
ता. १० सप्टेंबर १९७२

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,
गहिनीनाथचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. कारखाना बंद, त्यामुळे काट्यावर वजन करायला ऊस नाही आणि आम्ही काटा-कारकून एकमेकांचंच वजन करून बघतो. माझं दोन किलोंनी उतरलंय, हे आईला सांगू नका.

महिन्यापूर्वी माझी एक फजिती झाली. नगरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा हवा होता, म्हणून गेलो. सहा वर्षं रेडिओ ऐकून ऐकून हात बसवलाय, तेव्हा भीती नव्हती. तिथल्या चालकांनी समोर कागदांची एक चळत ठेवली. पाच आडव्या रेघा आणि त्यांवर शेपटीवाले काळे ठिपके, बेडकाची पिल्लं असतात तसे. वाचता येतं का, असं त्यांनी विचारलं आणि मी येतं म्हणून बसलो. गाणं ओळखीचं होतं. मी डोळे बारीक करून, मान डोलवत, मध्येच पान उलटून झकास वाजवलं. संपल्यावर त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं की या गाण्यात गिटारला पहिली दोन पानं गप्प बसायचं आहे, आणि तसं कागदावर स्पष्ट लिहिलं आहे.

जानेवारीत परत ये म्हणालेत. लिहिणं-वाचणं शिकून यायचं, आणि आजवर कुणी कागदावर न उतरवलेली एक चाल स्वतःच्या हाताने लिहून आणायची.

म्हणून आता दर रविवारी एस.टी.ने कोल्हारला जातो. तिथे आसाराम मास्तर म्हणून मिलिटरीच्या बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. पूर्वी क्लॅरिनेट वाजवायचे. आता पुढचे दात नाहीत, त्यामुळे फक्त शिकवतात. तीन रविवार त्यांनी मला गिटार उघडूच दिली नाही. प्रवरेच्या पुलावर चालवलं. चार पावलं तोंडाने ठेका, चार पावलं गप्प. गप्प बसणंही मोजून बसायचं असतं, जगात निम्मी भांडणं न मोजता गप्प बसल्यामुळे होतात, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या रविवारी आमच्या मागे अकरा माणसं चालत होती. मोर्चा कशाचा आहे, हे एकानेही विचारलं नाही.

आता तुमच्याकडे एक काम. लिहून न्यायची चाल मी ठरवली आहे. आबा मोट हाकताना म्हणायचे ते गाणं. लहानपणी ऐकलेलं पुसट आठवतं. आबांकडून एकदा म्हणवून घ्याल का?

दादाला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
गहिनीनाथ


खालचा मळा, पारनेर,
ता. २६ सप्टेंबर १९७२

चि. गहिनीनाथभावजी यांस,
विजयमालाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन किलोंचं मी काही बोलले नव्हते, पण तुमचे बंधू बोलले. सासूबाईंनी डबाभर शेंगदाण्याचे लाडू केलेत, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते.

इकडे पाऊस असा नाहीच. बाजरी गुडघ्याएवढी होऊन थांबली. विहिरीत तळाला दोन घागरी साचतात, त्या दुपारपर्यंत पुरवायच्या. तुमचे बंधू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातात. तुम्हाला मात्र सहा वर्षं वाजवूनही कळलं नाही की कधी गप्प बसायचं! मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं.

आबांना गाण्याचं विचारलं. नाही म्हणाले. मोट गेली, बैल गेले, विहीर आटली, आणि आटलेल्या विहिरीवर पाण्याचं गाणं म्हणणं म्हणजे उपाशी माणसासमोर ढेकर देणं. मी दोनदा विचारलं, तर उठून बांधावर जाऊन बसले. हल्ली सारखे तिथेच जाऊन बसतात, बोरीखाली.

तुम्हाला आठवतं तेवढं लिहा. तब्येत आणि लोभ दोन्ही सांभाळा.

तुमची वहिनी,
सौ. विजयमाला


कोपरगाव,
ता. १९ ऑक्टोबर १९७२

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. मास्तरांनाही दिले. दात नसल्यामुळे त्यांनी एक लाडू बत्तीस मात्रांत संपवला आणि मला मोजायला लावलं.

सोबतचा कागद जपून हाताळा. माझ्या हातचं हे पहिलं लिखाण. वर मथळा दिलाय, ‘आबांची विहीर’. ठिपका जितका खाली, तितका सूर जाड. एका जागी सूर इतका खाली जातो की पाच रेघा पुरल्या नाहीत, म्हणून खाली आणखी तीन छोट्या रेघा मारून त्यांच्याखाली ठिपका दिलाय. तिथे आबा थांबायचे, पण किती वेळ, ते मला आठवत नाही. गाणं म्हणू नका हवं तर, पण एवढंच सांगा म्हणावं, की सगळ्यात खालच्या ठिपक्यापाशी किती थांबायचं?

आपला लाडका (असं मी समजतो),
गहिनीनाथ


पारनेर,
ता. ६ नोव्हेंबर १९७२

चि. गहिनीनाथभावजींस आशीर्वाद.

भावजी, हे पत्र उभ्यानेच वाचा, कारण बसून वाचलंत तर पडाल.

तुमचं पत्र मी आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. नंतर कागद हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि मला विचारलं की वर काय लिहिलंय. मी म्हटलं, आबांची विहीर. झालं! म्हणाले की पोरानं कारखान्यातल्या इंजिनेरांकडून पाण्याचा नकाशा काढून आणला. पाच रेघा म्हणजे पाच परस, एकावर एक पाच पुरुष उभे राहतील एवढी खोली. खालच्या तीन छोट्या रेघा म्हणजे आणखी तीन परस, आणि त्यांच्याखाली काळा ठिपका, ते पाणी. मी शपथेवर सांगितलं की हे गाणं आहे. तर मला विचारतात, गाण्याला वर विहीर कशाला लिहिलं असतं?

दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी माणसं ओट्यावर. कोपरगावहून कागद आलाय म्हटल्यावर कोण थांबतं? जागा कोणती हे कागदावर नव्हतं, ती आबांनी बोट फिरवून काढली, बांधावरच्या बोरीखालची. शेजारचे गोरक्षनाथ म्हणाले की मधले दोन ठिपके वरून दांडीने जोडलेत, त्यातला एक त्यांच्या शेतात येतो, तेव्हा दांडी म्हणजे पाट आणि पाटावर त्यांचा हक्क. आबांनी तो मान्य केला, पण खोदायला चार माणसं त्यांनी द्यायची. ज्याच्या ज्याच्या वाट्याला ठिपका आला त्याने माणसं दिली. मी मोजले, तुमच्या गाण्यात एकूण सदतीस ठिपके आहेत. परवापासून छत्तीस माणसं खणताहेत. सदतिसावे तुमचे बंधू. त्यांचा यावर विश्वास नाही, पण सगळा गाव खणत असताना खडीवर जायला त्यांना लाज वाटली.

आता काय करायचं ते तुम्हीच कळवा. लोभ आहे, पण सध्या धुळीने माखला आहे.

तुमची वहिनी,
विजयमाला


कोपरगाव,
ता. ११ नोव्हेंबर १९७२

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि. घाईत लिहितो.

थांबवा! ते गाणं आहे! आणि गाणं म्हणूनही चूक आहे. मास्तरांनी माझी नक्कल तपासली. तो खालचा सूर मी एक सप्तक खाली लिहिला होता. छोट्या रेघा सगळ्या खोट्या. ठिपका वरून पाचव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या रेघेवरच हवा, शेपटी उजव्या अंगाने वर. दुरुस्त कागद सोबत पाठवतो, तो आबांना दाखवा, म्हणजे त्यांची खात्री पटेल की मला अजून धड लिहिताही येत नाही. माझ्या अक्षरावर भरवसा ठेवून छत्तीस माणसं खडक फोडताहेत या विचाराने काल, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, काट्यावर मी एका गाडीचं वजन तीनदा केलं.

मास्तरांना सगळं सांगितलं. ते आठ मात्रा गप्प राहिले आणि म्हणाले, पलटणीत त्यांनी पंचवीस वर्षं वाजवलं, पण त्यांच्या बँडवर कुणी कुदळ उचलली नाही.

आबांच्या पाया पडून सांगा. तुमचा अपराधी,
गहिनीनाथ


पारनेर,
ता. १७ डिसेंबर १९७२

चि. गहिनीनाथभावजींस अनेक आशीर्वाद.

तुमचा दुरुस्त कागद आला त्या दिवशी इथे नारळ फुटला. तीन परस खोदाई वाचली म्हणून. कोपरगावला हिशेब पुन्हा तपासतात, आपल्यासारखं एकदाच सांगून मोकळे होत नाहीत, असं गोरक्षनाथांनी सगळ्यांना पटवलं. मी बोलायचं सोडून दिलं आणि भाकरी थापायला बसले.

काल पाच परस झाले. खाली काळा खडक, कोरडा ठाक. सुरुंग लावला तर नुसता धूर. माणसं काठावर बसली, कुणी कुणाकडे बघेना. तुमचे बंधू पहिल्यांदा बोलले, की आता कागद वाचणारीलाच विचारा. मला इतका राग आला! मी काठावर उभी राहून पहिल्या कागदाबरोबरचा तुमचा प्रश्न ओरडून विचारला, की आबा, सगळ्यात खालच्या ठिपक्यापाशी किती थांबायचं?

आबा तळाशी होते. त्यांनी वर बघितलं. मग पागोटं काढून दगडावर ठेवलं आणि गायला लागले.

भावजी, मी सहा वर्षं या घरात आहे, मला त्यांचा आवाज माहीत नव्हता. पाच परसांचा तो खड्डा घुमायला लागला. खाली गेलेल्या त्या सुरापाशी आले आणि थांबले. आम्हाला वाटलं, दम लागला. पण ते बोटांवर मोजत होते. मीही मोजलं, अकरा. मग पुढची ओळ. वर आल्यावर सांगितलं, मोट वर येऊन काठावरच्या दगडी थारोळ्यात पालथी झाली की तिच्यातलं पाणी पडायला तेवढा वेळ लागतो. पाणी पडत असताना गात नाहीत, ते ऐकायचं असतं.

सासूबाई पदर तोंडाला लावून घरात निघून गेल्या. तेव्हा लिहा, अकरा. नक्की अकरा. पाणी काही नाही.

तुमची,
विजयमाला


कोपरगाव,
ता. २२ जानेवारी १९७३

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. मी कागद ठेवला आणि तुमच्या अकरा मात्रांसकट वाजवलं. त्या जागी आलो आणि थांबलो. तीन मात्रांनंतर चालकांनी माझ्याकडे बघितलं. सातव्या मात्रेला तबलजीने पाणी हवं का विचारलं. नवव्या मात्रेला कुणीतरी पंखा लावला. माझ्याबरोबर आलेले मास्तर कोपऱ्यात काठी धरून ताठ उभे होते, त्यांनी सगळ्यांना डोळ्यांनी दम दिला. अकरा झाल्यावर पुढे वाजवलं.

चालक म्हणाले की चाल चांगली आहे, पण मधली गप्प जागा काढून टाकावी लागेल, लोक शिट्ट्या मारतील. मी म्हटलं, ती काढता येणार नाही, त्यात पाणी आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. गिटारची जागा दुसऱ्याला मिळाली.

पण जाताना त्यांनी कागद मागून घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले की वाजवणारे गल्लोगल्ली मिळतात, असा स्वच्छ लिहिणारा नगरमध्ये दुसरा नाही. आता शनिवार-रविवार मी त्यांच्याकडे सगळ्या वाद्यांसाठी कागद लिहायचे. गिटारवाला आजारी पडला तर वाजवायचंही. तो धडधाकट दिसतो.

वाईट वाटलं, वहिनी. पण परवा मी ट्रंपेटसाठी लिहिलेलं एका अनोळखी माणसाने न अडखळता वाजवलं. माझं अक्षर बोललं.

विहिरीचं कळवा. मला विचारायची भीती वाटते.

गहिनीनाथ


पारनेर,
ता. ४ फेब्रुवारी १९७३

चि. गहिनीनाथ यास आबाचा, भिमाजीचा आशीर्वाद. सुनंला सांगून लिवतो, मी बोलतो तसंच लिव म्हनलंय.

पानी लागलं. गोरक्षनाथ म्हनला, ठिपक्याची शेपटी उजव्या अंगानं वर जाती, तवा उजवीकडं आडवं भोक मारा. मारलं. चार हातांवर झरा लागला. आता कमरंएवढं पानी हाय, दोन वाड्या पित्यात. रोज कुनीतरी येतंय आन् मला म्हनतंय, पोराला सांगून आमच्या वावरासाठीबी एक गानं लिवून घ्या. मी म्हनतो, त्येला लई काम हाय.

आता खरं सांगतो. विजयमालानं पत्र वाचलं तवाच मला गानं हाय हे समजलं हुतं. मी म्हातारा हाय, खुळा न्हाई. बोरीखाली भर उन्हाळ्यात हरळी हिरवी ऱ्हाती, आठ वर्सं मी सांगत हुतो की हितं खना. तुजा दादा सहादेव म्हनायचा, आबा, तिथं नुस्ता खडक हाय. एकट्या म्हाताऱ्याच्या शब्दावर कोन कुदळ उचलतो? तुजा कागद आला आन् छत्तीस मानसं आली. जागा माजी, कागद तुजा. खाली उतरून गायलो तवा मात्र मला वाटलं हुतं की आपन गावाला फशिवलं. दुसरं द्यायला काई नव्हतं, म्हनून गायलो.

त्या मानसानं तुला गिटार वाजवू दिली न्हाई, त्याचा राग धरू नको. आन् अकरा मात्रा कुनी काढ म्हनलं तरी काढू नको. यातलं काई सहादेवला कळू देऊ नको. सुनंला शपथ घातली हाय.

भिमाजी

ता. क. भावजी, मी विजयमाला. शपथ मोडली नाही, पण हे सगळं लिहीत असताना तुमचे बंधू माझ्या मागे उभे राहून वाचत होते. पहार खांद्यावर घेतली आणि आबांना विचारायला गेलेत, की आणखी कुठे कुठे पाणी आहे, ते आत्ताच सगळं सांगून टाका.