खुंटीवरचा बिल्ला

३ जून
आलो एकदाचे! पंपघराला चिकटून दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय. बायकोने दारातच नाक मुरडलं, पण स्वयंपाकघरातली मोठी खिडकी पाहून विरघळली. म्हणाली, वासाची सवय होते, अंधाराची होत नाही. ही नोकरी मला मेव्हण्याने लावून दिली. तो इथे फिटर आहे. सामान उतरवतानाही त्याची चेष्टा चालूच होती : दाजी, आता सगळं गाव तुमच्या भरवशावर हात धुणार! पाच वर्षांची आमची पोरगी मामाच्या मानेला अशी लटकली की खाली उतरायचं नावच घेईना. मला फार बरं वाटलं.

४ जून
काम समजून घेतलं. गाव बशीसारखं खोलगट आहे. सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहत आमच्या विहिरीत येतं आणि पंप ते बांधापलीकडे नदीत टाकतो. पंप तासभर बंद राहिला तर खालच्या गल्लीत घरोघरी पाणी शिरतं. त्या गल्लीतलं शेवटचं घर म्हणजे आमचं क्वार्टर, त्यामुळे झोप लागून चालणार नाही.

विहीर तीस फूट खोल आहे. तळाशी पंपाच्या तोंडावर जाळी आहे. तिच्यात चिंध्या अडकल्या की मेव्हणा विहीर उपसून घेतो, पंप बंद करतो, हवेचा पंखा सोडतो आणि शिडीने उतरतो. पाणी परत भरून यायला पाऊण तास लागतो. खालून हातोडीने शिडीवर एक ठोका दिला तर सगळं ठीक, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे वर घ्या.

सगळ्यात कडक नियम बिल्ल्याचा. उतरणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला पंपाच्या बटणावरच्या खुंटीला लावायचा. कोणाला सांगायची, विचारायची गरज नाही. बिल्ला आहे तोवर बटणाला हात लावायचा नाही आणि वर आल्यावर ज्याचा त्यानेच तो काढायचा. मी म्हटलं, तोंडाने सांगितलं तर काय बिघडतं? मेव्हणा म्हणाला, माणूस ऐकलेलं विसरतो दाजी, बिल्ला समोर दिसतो.

९ जून
आज दुपारी एक गंमत झाली. खुंटीवर बिल्ला होता, पण त्यावर नंबर नव्हता. झिजून गुळगुळीत झालेला. इथे माणसं तीनच : मी, मेव्हणा आणि झाडलोट करणाऱ्या मावशी. तिघंही चहा पीत बसलो होतो. विहिरीत हाका मारल्या, उत्तर नाही. मेव्हण्याने माझी यथेच्छ टिंगल केली. बिल्ला काढून खणात टाकला आणि पंप चालू केला.

११ जून
खण रिकामा. बिल्ला खुंटीवर.

मावशींना विचारलं. केर भरता भरता म्हणाल्या, आधीच्या ऑपरेटरनेही हेच विचारलं होतं. तो बिल्ला काढायला तयार नव्हता. दोन दिवस पंप बंद ठेवला, खालची गल्ली कमरेपर्यंत बुडाली, त्याला घरी पाठवलं. मग मी आमच्या वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, माणसं मोजा, पूर्ण असली तर बिल्ला काढा, आणि रजिस्टरमध्ये असलं काही लिहू नका.

१७ जून
आता रोजच होतंय. सुरुवातीला माणसं मोजायचो, हाका मारायचो. आता जाता जाता काढतो आणि बटण दाबतो. माणसाला कशाचीही सवय होते. आज मात्र बटण दाबताना खालून दोन ठोके ऐकू आले. पाइपात काहीतरी आपटलं असणार.

२१ जून
तीन दिवस पाऊस. पंप कधी बंद पडला कळलंच नाही, मी बांधावर नदीची पातळी बघत होतो. परत येतो तर क्वार्टरच्या उंबऱ्याशी पाणी. पोरगी तापाने फणफणलेली, बायको तिला घेऊन खाटेवर बसलेली. धावत पंपघरात आलो. खुंटीवर बिल्ला. खालून दोन ठोके, पुन्हा दोन, पुन्हा दोन. मी बिल्ला ओढून खिशात टाकला आणि बटण दाबलं. पंप आधी कण्हला, मग सुरळीत चालू लागला. वीस मिनिटांत गल्ली मोकळी झाली. जिवात जीव आला.

संध्याकाळी खिसा रिकामा केला. बिल्ल्यावर नंबर होता.

पाच. मेव्हण्याचा.

जाळी तुंबली म्हणून तो उतरला होता. त्याने नियम पाळला होता. मी

२२ जून
विहीर उपसली. एक बूट मिळाला. साहेब म्हणतात, गेला असेल कुठेतरी पळून. बायकोला मी सांगितलं, दुसऱ्या पंपावर पाठवलंय. तिने विचारलं, न जेवता? मला तिच्याकडे बघवत नाही. मीच मारलं त्याला. हे फक्त या वहीत लिहू शकतो.

२४ जून
पाच नंबर खुंटीवर. खिशात होता, शपथ घेऊन सांगतो, खिशात होता.

खालून तीन ठोके. वर घ्या.

मावशी आल्या नाहीत. आता त्या येणार नाहीत.

२५ जून
डबा द्यायला बायको पंपघरात आली आणि तिने ठोके ऐकले. म्हणाली, हा माझ्या भावाचा हात आहे. लहानपणी दार असंच वाजवायचा. मग मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. शिडीकडे बघत राहिली.

२६ जून, दुपार
ऐकलं नाही तिने. मी पोरीला औषध पाजत होतो, तेवढ्यात तिने विहीर उपसून घेतली आणि उतरली. खुंटीवर माझा बिल्ला लावून गेली.

दर मिनिटाला एक ठोका देतेय. सगळं ठीक.

पंधरा मिनिटं. आता एकाच्या मागे दुसरा एक येतो. लांबून. कोणीतरी तिला उत्तर देतंय —

मी वरून तीन दिले. वर ये. खालून एक आला.

पाणी चढतंय, पाऊण तास कुठला, नदीच उलटी आत येतेय — पंप लावला तर ती जाळीत जाईल. नाही लावला तर — लिहीत राहिलो नाही तर हात बटणाकडे जातो, म्हणून लिहितोय —

उतरायला गेलो. चौथ्या पायरीलाच पाणी. काळं. हाक मारली. एक ठोका.

शिडी पूर्ण बुडाली. एक ठोका. ठीक. एक. ठीक —

क्वार्टरमध्येही शिरलं. पोरगी ओल्या पायांनी इथे आलीय. म्हणते, बाबा, आई आणि मामा बोलावतायत. मला काहीच ऐकू — ती विहिरीच्या काठाशी — वही टाकून तिला आधी —