डाळिंबी आयरिस

सूनबाई,

तुझ्या पणजेसासूबाई, आजेसासूबाई आणि मी, अशा तिघींनी या अंगणात डाळिंबी रंगाच्या आयरिसच्या फुलासाठी जन्म घालवला. तिघींचा दंडक एकच होता: मळकट रंगाच्या फुलाचे पराग आपल्या फुलांना लावायचे नाहीत. आज सकाळी ते डाळिंबी फूल उमलले, आणि ते तुझ्या वाफ्यात उमलले.

शेजारच्या मावशींच्या मातकट आयरिसचे पराग तू मला न विचारता आपल्या गुलाबीला लावलेस, हे मी तेव्हाच ओळखले होते. तुझ्या कुंचल्यावर काय आहे ते दिसण्याइतके माझे डोळे अजून शाबूत आहेत. त्याविषयी माझे तुला रागावून झाले, असे समज.

तुझे सासरे हे फूल फुलदाणीत ठेवू पाहतील. त्यांना वाफ्याजवळ फिरकू देऊ नकोस. पाणी मुळाशी घाल, पाकळ्यांवर उडवू नकोस. पुढचा संकर कोणाशी करायचा ते तूच ठरव. मला विचारलेस तरी चालेल.

मी मावशींकडे जाते आहे. आपले सगळे कंद कुजले त्या वर्षी त्यांनी न मागता स्वतःच्या वाफ्यातले निम्मे कंद आणून दिले होते. त्या तोडीचे काही माझ्यापाशी आजवर नव्हते. नव्या रोपाचा बाजूचा कोंब कंदासकट कापून घेतला आहे. तो त्यांच्या अंगणात मी स्वतः लावीन.

ते ऋण डोक्यावर असताना मी त्यांच्याकडे कधी चहा घेतला नाही. आज घेणार आहे, तेव्हा मला उशीर होईल.

आई