त्रेपन्न पौंड

प्रिय हलीना,

अडतीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच कचऱ्यात टाकशील, असं तुझी पुतणी म्हणाली. पत्ता मात्र दिला बिचारीने. टाकायचं तर टाक, पण आधी वाच. मी हिरव्या गाडीचा डॅशबोर्ड काढला आणि परत बसवला. एकटीने. एकोणसत्तराव्या वर्षी.

गाडी तुला आठवत असेल. एकोणऐंशी साली आपल्याच कारखान्याच्या लाइनवरून उतरलेली चार दारांची. माझा रोलाँ ती घेऊन घरी आला तेव्हा तू बॉनेटवर थाप मारून म्हणाली होतीस, "हिचा डॅशबोर्ड नीट बसलाय, काळजी करू नका, मीच बसवलाय." रोलाँला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सारखा म्हणतो, आई, विकून टाक. मी विकत नाही. रविवारी नदीकाठाने चक्कर मारते, पलीकडचं डेट्रॉइट बघते आणि घरी येते.

यंदाच्या हिवाळ्यात हीटर गळायला लागला. पायाखालची चटई ओली, काचेवर चिकट वाफ, गाडीभर गोडसर वास. हीटरची जाळी कुठे असते ते तुला सांगायला नको. ती बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड बाहेर. लॉर्न, आपल्या युनियनचा तेव्हाचा सेक्रेटरी, आता जुन्या गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष झालाय आणि माझ्या शेजारीच राहतो. कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "ओडील, हे बायकांचं काम नाही गं. गॅरेजमध्ये टाक." मी म्हटलं, "तेव्हा बरं होतं बायकांचं, तासाला चाळीस डॅशबोर्ड बसवायचो तेव्हा." तो हसला. मी नाही हसले.

मे महिन्यात शेडचं दार उघडून कामाला लागले. आधी बॅटरीची वायर सोडवली. मग राखेची डबी, समोरचा खण, रेडिओ. स्टिअरिंगचे बोल्ट सैल करून ते सीटवर टेकवलं. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलं, कारण आता डोळे मिटून कुठली वायर कुठे ते सांगता येत नाही. तुला येत होतं. तू पोलिश गाणं गुणगुणत एका हाताने तीन जोड लावायचीस आणि मी दुसऱ्या बाजूने ओरडायचे, अगं थांब, माझा अजून एक राहिलाय. काचेखालचे स्क्रू इतके गंजले होते की दोन तर ड्रिलने फोडावे लागले. तीन दिवस गेले त्यात.

उचलायला दुसरं माणूस नव्हतं. लॉर्नला हाक मारणार नव्हते. मग इस्त्रीचं टेबल आणलं, दोन्ही दारं उघडून सीटवरून आडवं घातलं, वर जुनी रजई पसरली. शेवटचा बोल्ट सुटला आणि सगळा भार माझ्या हातांवर आला. उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दात आवळून तो टेबलावर ओढला, सरकवत सरकवत बाहेर काढला. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी घरात गेले आणि न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन आले.

त्रेपन्न पौंड, हलीना. काटा हलवून पुन्हा ठेवला. तेच, त्रेपन्न.

कारखान्याच्या डॉक्टरने तुझ्या भरपाईच्या अर्जावर काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. "बाजाराच्या पिशवीइतकं वजन. खांद्याच्या दुखण्याशी कामाचा संबंध नाही." रंगाच्या डब्यावर बसून मी किती वेळ त्या काट्याकडे बघत होते. दोघी असलो तरी गाडीत वाकून, हात ताणून तो धरायचा, पाळी संपेपर्यंत. आणि त्या शेवटच्या हिवाळ्यात आपण दोघी नव्हतोच. फोरमन ड्वेनने मला तिथेच पलीकडे दिवे तपासायच्या कामावर घेतलं, स्टुलावर बसून करायचं काम. माझ्या जागी चार महिने कुणी दिलं नाही. तू जेवणाच्या सुट्टीत डबा डाव्या हाताने उघडायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "झोपेत अवघडलाय." तू काम सोडून गेल्यावर दोन वर्षांनी त्याच जागी उचलायचं यंत्र बसवलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

नवी जाळी बसवली. डॅशबोर्ड परत आत घालणं हे काढण्याच्या दुप्पट काम. चढवला, स्क्रू आवळले, बॅटरी जोडली, आणि हीटरचा पंखा मेल्यासारखा गप्प. मागची एक काळी वायर जोडायची राहिली होती. लॉर्न कुंपणावर हजर. "सांगितलं होतं की नाही?" मी पहिल्या स्क्रूपासून सुरुवात केली. सगळा पुन्हा सोडवला, पुन्हा त्या टेबलावर घेतला, वायर जोडली, पुन्हा चढवला. खांदा इतका सुजला की आठवडाभर केस विंचरता आले नाहीत. पण पंखा फिरला. डॅशबोर्डवरचे काटे जागेवर आले. कुठे खडखड नाही.

त्याच संध्याकाळी मी लॉर्नला सांगितलं की मी वकिलाकडे जाणार आहे. त्याचा चेहरा उतरला. "गाडलेलं कशाला उकरतेस? ड्वेन मेला, कारखाना बंद पडला. आता कुणाला काय मिळणार?" मी म्हटलं, "हलीना जिवंत आहे. तिच्या नावापुढे अजून लिहिलेलं आहे की ती खोटं बोलली." तो म्हणाला, लोक तुलाच विचारतील, तेव्हा तू काय केलंस. मी म्हटलं, विचारू देत की.

तर हलीना, सोबतचा कागद त्यासाठी आहे. वकीलबाईंसमोर शपथेवर सही केली आहे. एक प्रत भरपाई मंडळाला गेली, एक युनियनला. जूनच्या शेवटी जुन्या कामगारांचं जेवण असतं, तिथे मी तो उभी राहून मोठ्याने वाचणार आहे. लॉर्नला आवडो न आवडो. खोटी साक्ष दिली म्हणून मला कोर्टात उभं केलं तर तिथेही वाचेन. तुझ्याकडे माफी मागत नाही, ती मागायचं तोंड मला नाही, आणि उत्तराची वाटही बघत नाही. सत्याऐंशीच्या मार्चमध्ये भरपाई मंडळाच्या त्या खोलीत मला एकच प्रश्न विचारला होता, ती एकटी उचलायची का. तू समोर बसली होतीस, माझ्याकडे बघत. स्टुलावरचं काम जाईल म्हणून मी म्हणाले, मी पाहिलं नाही. वकीलबाईंनी बाकी सगळं टाइप केलंय, पण शेवटचं वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं आहे. मी पाहिलं होतं. चार महिने, रोज.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
तरीही तुझीच,
ओडील