ड्रमातली माशी, घरातली माशी

२६ सप्टेंबर

आमच्या मजल्यावर माश्या झाल्या आहेत आणि दोष माझ्या ड्रमाला! सोसायटीचे सचिव दयारामजी सकाळीच आले. बाल्कनीतील खताचा ड्रम हटवावा, रविवारी बैठकीत निर्णय होईल, म्हणाले. सूचनाफलकावरील त्यांची हिंदीदेखील अशुद्ध. ड्रमातील माशी निराळी, घरमाशी निराळी, हे मी सविस्तर सांगितले. ते हसले. "बाबूजी, मक्खी तो मक्खी है।"

मुळीच नाही! निवृत्तीनंतर जीव लावावा असे हे एकच काम उरले आहे. तेही सोडायचे?

२७ सप्टेंबर

तळ्यावर फिरायला गेलो नाही. भिंगाखाली दोघी पाहिल्या. ड्रमातली लांब, काळी, गांधीलमाशीचा भास व्हावा अशी. पायांची टोके पांढरी. अळी असताना ओला कचरा अधाशासारखा खाते, पंख फुटले की ताटाकडे फिरकतही नाही. घरमाशी करडी, पाठीवर चार रेघा. आधी अन्नावर थुंकते, मग चाटते. काळीच्या अळ्या माजल्या की तिथे घरमाशी सहसा अंडी घालत नाही. मग या येतात कुठून?

जेवताना पत्नीने, इंदूने, पुन्हा विचारले, आज तिथी कोणाची? पितृपक्ष गेल्या रविवारी संपला, हे कालही सांगितले होते. लक्षच देत नाही! वर मलाच ऐकवते— "तुम्ही घरातबी मास्तरकी करून राहिले."

२८ सप्टेंबर, सकाळ

झोप नाही. बैठकीसाठी दोन बरण्यांत दोन माश्या ठेवल्या आहेत. आत्ता लक्षात आले— घरमाश्या बाल्कनीतून नव्हे, मागच्या खोलीच्या खिडकीतून येतात. पाहून येतो.

२८ सप्टेंबर, दुपार

बंद कूलरच्या मागे, सज्ज्यावर द्रोण. एकात एक. भात, वडे, खीर— सगळे नासलेले, अळ्यांनी वळवळणारे. त्या फटीत कावळा शिरणार तरी कसा?

मागे वळलो तो इंदू उभी. हातात नवा द्रोण.

"सरका न. मामंजी कवाचे उपाशी हायेत."

बैठकीला गेलो. बरण्या नेल्या नाहीत.

२९ सप्टेंबर

ड्रम गेला. माश्या त्यातल्याच होत्या, असे मी काल सर्वांसमक्ष सांगितले.

जेवताना इंदूने तिथी विचारली. माझ्या वडिलांची, म्हणालो. घास घेऊन दोघे गच्चीवर गेलो.