आडप्रमुखाच्या खुणा

गुरुवार, ३ मे १९७३. पहाटे.
आवाजानं जाग आली. मंद्रूपच्या शाळेतली चौथीची पोरं हेल काढून कविता म्हणायची, तो आवाज. चाळीस गळे, एक सूर, वर पत्र्यावर कबुतरांची नखं. डोळे उघडले तर शुक्रवार पेठ, पेन्शनीत आठ वर्षं झालेली आणि नळ कोरडा.

आज महत्त्वाचा दिवस. दुष्काळामुळे महापालिकेनं पेठेतले जुने आड उपसून पुन्हा चालू केलेत. नवी योजना: प्रत्येक आडाला गल्लीतलाच एक आडप्रमुख. आमच्या गल्लीनं एकमतानं मला निवडलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, असं सौ. म्हणते. तिला सार्वजनिक जीवन कळत नाही.

दुपारी.
महापालिकेचा धुळाप्पा जमादार ब्लीचिंग पावडरचा डबा आणि रजिस्टर देऊन गेला. रोज सांजेला एक वाटी बादलीत कालवायची, आडात सोडायची, रजिस्टरात खूण करायची. म्हणाला, "मास्तर, एक दिस बी चुकवू नका. लेकरं पित्यात हे पाणी." मी म्हटलं, अरे, तीस वर्षं हजेरी घेतली आहे. रजिस्टर मला शिकवतोस?

शुक्रवार, ४ मे.
शुभारंभ. पावडर सोडली. एकूण अकरा शिंका. शेजारची बसम्मा घागर ओढता ओढता म्हणाली, "अय्यो मास्तर, दवाखान्याचा वास मारतंय की!" मन खट्टू झालं. पाण्याची मूळ गोडी जपणं हेही प्रमुखाचंच कर्तव्य. एक दिवसाआड टाकावी.

रविवार, ६ मे.
अख्ख्या मे महिन्याच्या खुणा भरून टाकल्या. एका बैठकीत, एका शाईनं. कशा ओळीत उभ्या राहिल्यात! शाळेतही मी महिन्याची हजेरी पहिल्या आठवड्यातच उरकायचो. इन्स्पेक्टर नेहमी खूश. कारकुनी कटकट मिटली, आता मूळ कामाला मोकळा.
मूळ काम: आडावर कविता.

बुधवार, ९ मे.
साधली!
ये गे बाई, भर घागर,
आड आमुचा सुखसागर.
संध्याकाळी पावडर लक्षात होती, पण नेमका तेव्हाच 'सागर' सुचला. उद्या दुप्पट टाकणे.

शनिवार, १२ मे.
फळा रंगवून आडाला टांगला. बसम्माची नात दाक्षायणी, वय वर्षं सहा, तिनं सगळ्यांच्या आधी पाठ म्हणून दाखवली. हेल काढून. थेट मंद्रूप! म्हणून झाल्यावर ओंजळभर पाणी प्यायली. माझे डोळे भरून आले. योजना यशस्वी म्हणायला हरकत नाही.
डब्याचं झाकण घट्ट बसलंय. सोमवारी नक्की.

बुधवार, १६ मे.
कोपऱ्यावरच्या दोन घरांत जुलाब. ऊन फार. त्यात आंबे. लोक ऐकत नाहीत.
सौ. हल्ली पाणी उकळून घेते. विचारलं, माझ्यावर विश्वास नाही काय? म्हणाली, "पस्तीस वर्षं वळखतीया की तुमास्नी." या उत्तराचा अर्थ नीट लागला नाही.
सोमवार राहिला. शुक्रवारी नक्की.

शुक्रवार, १८ मे.
सात घरं. आज आडावर भांडणं नाहीत, हसणं नाही. नुसता दोराचा आवाज.
आरोग्य खात्याचे साहेब आले. रजिस्टर पाहून म्हणाले, एकही खाडा नाही, उत्तम. म्हणजे दोष पाण्यात नसावा. पुढच्या तारखांवर मी तळहात ठेवला होता, शाई ओली आहे म्हणून सांगितलं. जाताना शेजारच्या गल्लीलाही आमच्याच आडाचं पाणी भरायला सांगून गेले. छाती फुगली. मग का कोण जाणे, रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं.
सांगायला हवं होतं का? पण साहेब घाईत होते.

शनिवार, १९ मे. सकाळी.
दाक्षायणीला काल सांजेला सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलंय. पोरगी ओळख देत नाही म्हणे. बसम्मा तिच्या उशाशी बसून आहे.
झाकण चमच्यानं उचकटायचा प्रयत्न केला. चमचाच वाकला. हल्ली मालच हलका.

त्याच दिवशी, अकरा वाजता.
धुळाप्पा नवा डबा घेऊन आला. जुना परत न्यायला उचलला आणि तसाच थांबला. दोन्ही हातांत तोलून पाहिला. "मास्तर," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, काटकसर केली आहे. त्यानं डबा नेऊन आडाच्या काठावर ठेवला, सगळ्यांसमोर उघडला, आणि आडावर आडवं फळकूट टाकून पाणी बंद केलं. बायका आधी डब्याकडं पाहत होत्या. मग आमच्या दाराकडं.

रविवार, २० मे. दुपारी.
राजीनामा देणार. गद्यात द्यावा की पद्यात? पद्यात भावना नीट पोचतात. 'पदभार'ला यमक सापडत नाहीये.
योजनेत मूळ दोष हा, की एकाच माणसावर सगळा भार. सूचना कळवणे.

दार वाजलं. वाटलं, महापालिकेचा शिपाई असेल. दारात बसम्मा. दवाखान्यातून सरळ आलेली, केस मोकळे, हातात तांब्या. दाक्षायणीचं विचारायला तोंड उघडलं, तर तिनं तांब्या पुढं केला. "गुरुवारी भरलेलं हाय. दाक्षी ह्यातलंच प्याली. घ्या मास्तर, प्या."
मी म्हटलं, बस की, बसम्मा. चष्मा घेऊन येतो.
चष्मा डोळ्यांवरच होता. आत येऊन हे लिहितो आहे.
ती अजून उंबऱ्यात उभी आहे.