मोराची मान आणि तुटलेला दुवा

कांदिवली, मंगळवार संध्याकाळ

आणि वर मलाच ऐकवते, "मावशी, हात कशाला लावलास?" अगं, एकाच नावाचे दोन खण, फोल्डर म्हणतात ते, दिसले कॉम्प्युटरात, तर मी एक साफ करणारच ना? भरतकामाचा प्रोग्राम तिनेच टाकला, माझ्या भाचीने, सुषमाने. जुना एका खणात, नवा दुसऱ्यात. मी रोज दाबते तिथे प्रोग्राम नाहीच म्हणे, नुसती जुन्या खणाकडे नेणारी खूण आहे. आणि मी पुसला जुनाच. खूण जाग्यावर आहे, दाबली की काही उघडत नाही.

फोनवर म्हणाली, "मावशी, दुवा तुटलाय."

मी म्हटलं, "कुणाची दुवा तुटली गं? मी कुणाचं वाईट केलं नाही!"

हसत सुटली. दुवा म्हणजे जोडणी म्हणे. चौथीत शाळा सुटली माझी, मला काय ठाऊक?

आता खूण नव्याकडे वळवते म्हणते, दोन मिनिटांचं काम. पण नव्यात मोराची मान वाकडी येते, म्हणून तर जुना ठेवला होता. शेजारच्या शेवंताच्या पोरीचं शनिवारी लग्न, ब्लाउजवर तोच मोर. लग्नात वाकड्या मानेचा मोर? मी नाही देणार.

चूक माझी, बरं. दारावरची पाटी ठेवली आणि घर पाडलं. पण पाटी कुठली, घर कुठलं, हे आधी सांगायला काय झालं होतं हिला?

उद्या सकाळीच फोन करून सांगते: सुषमे, जुना परत येतो की नाही, गुरुवारपर्यंत बोल. हो की नाही, एवढंच. हसायचं नाही.