परसातल्या दोन गुंठ्यांबाबत

मी, उज्वला सोमा गमरे, वय ७१, अविवाहित, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार कापडे, ता. पोलादपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला राग आला आहे. तो आजार नव्हे, असे त्यांनीही सांगितले.

१. राहते घर भाचा प्रितम यास. रक्ताचा आहे, एवढ्याचसाठी.

२. घरामागचे दोन गुंठे त्यास मिळणार नाहीत. तिथे मी बत्तीस वर्षे पहिली-दुसरीच्या पोरांना फुले ओळखायला शिकवले: तेरडा, कुर्डू, सोनकी, कुंपणाची गोकर्ण, दाराची सदाफुली. नियम एकच, नाव सांगितल्याशिवाय फूल तोडायचे नाही. प्रितमही तिथेच शिकला. कुर्डूला तो ‘पांढरा कोंबडा’ म्हणाला होता आणि मी पूर्ण गुण दिले, कारण कुर्डू आणि कोंबड्याचे फूल दोन्ही एकाच कुळातली. तोच यंदा श्रावणात मुंबईहून आला, मी महाडला गेले असताना तणनाशक मारले आणि म्हणाला, “आत्या, सगळं गवत मारलं. बघ, कसं क्लीन झालं.” त्याच्या तोंडी ‘गवत’ ऐकून शिसारी आली. चहा तोंडाला लावला की अजून त्या तणनाशकाचाच वास येतो. फवारणीचा पंप तो इथेच टाकून गेला आहे. तो त्यालाच द्यावा.

३. शेजारीण प्रयागबाई. चाळीस वर्षे हिला माझ्या घरचे पाणी चालले नाही, पण गौर उभी करायला तेरडा माझ्याच परसातला चालला. मला त्याची किळस आहे, हे तिच्या तोंडावर बोलले आहे. यंदा करपलेले परसू पाहून ती म्हणाली, “उज्वला, आता गौर कशाची करू गो? तेरडाच नाय.” मग पायरीवर बसली आणि पाणी मागितले. मी दिले. माफ केलेले नाही.

४. ते दोन गुंठे प्रयागबाईची नात रेश्मा हिला. ती अंगणवाडीत शिकवते. सहा वर्षांची असताना ती आजीसमोर माझ्या माठातले पाणी प्यायली होती आणि मार खाल्ला होता. तिने तिथे काही फवारू नये, पोरांना आणावे.

पुढे गौरीला कोणी तेरडा मागायला आले तर द्यावा. नियम तोच, आधी नाव सांगायचे. तेरड्याचे सगळ्यांनाच येते. हा तेरडा कोणाच्या परसातला, ते मोठ्याने सांगायला लावावे.

साक्षीदार: हैबती धोंडू सकपाळ, कापडे, आम्रपाली राजेश हाटे, महाड. दोघांसमक्ष मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: उज्वला सोमा गमरे
कापडे, १४ सप्टेंबर २०२५